ब्रशचा निकाल पंधरा दाढ्यांनंतर

पत्र

सप्रेम नमस्कार. मी एकवीस वर्षांचा असून लातूरला वसतिगृहात राहून शिकतो. डब्यातला तयार फेस परवडेना, म्हणून दहा दिवसांपूर्वी जनरल स्टोअरमधून दीडशे रुपयांचा दाढीचा ब्रश आणि क्रीमची ट्यूब आणली. ब्रशच्या मुठीवर ‘प्युअर ब्रिसल’ असे छापले आहे. आतापर्यंत चार वेळा दाढी केली. ब्रश ओला झाला की त्याला जनावराचा वास येतो, गालाला आणि विशेषतः गळ्याला तो टोचतो, प्रत्येक वेळी चार-सहा केस गळून फेसात येतात आणि एवढे करून एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस सुकून जातो. खोलीतला मित्र म्हणतो की हा ब्रश फेकून दे आणि बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा घे. पण त्याची किंमत तीन हजारांच्या घरात आहे आणि माझी मर्यादा पाचशे रुपयांची. गेल्या रविवारी गावी गेलो तेव्हा माळकरी आजीने ‘हे केस कशाचे?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. आजोबांचा एक जुना ब्रश ट्रंकेत आहे. तो वापरला तर चालेल का?

— एक वाचक, लातूर

उत्तर

ब्रश फेकू नका आणि बॅजरचाही घेऊ नका. तुमच्या ब्रशचे केस डुकराचे आहेत, आणि डुकराच्या केसांच्या ब्रशची परीक्षा चार दाढ्यांत होत नाही; निकाल देण्यापूर्वी त्याला पंधरा तरी दाढ्या द्याव्या लागतात. तुमच्या तक्रारींपैकी वास आणि टोचणे या दोन तक्रारी थोड्या मेहनतीने जातील, केस गळणे बहुधा आपोआप थांबेल, आणि फेस सुकण्याचा दोष तर मी ब्रशपेक्षा लातूरच्या पाण्याला आणि, राग मानू नका, तुमच्या हाताला देईन.

आधी मुठीवरच्या अक्षरांविषयी. ‘ब्रिसल’ म्हणजे राठ केस, आणि दाढीच्या ब्रशच्या धंद्यात हा शब्द डुकराच्या पाठीवरच्या केसांसाठी वापरला जातो. त्याच्या आधीचे ‘प्युअर’ एवढेच सांगते की त्यात दुसऱ्या केसांची भेसळ नाही. सोवळ्या-ओवळ्याशी त्या शब्दाचा काहीही संबंध नाही. दुकानदाराने हे सांगितले नसेल, कारण त्याला कोणी विचारत नाही. यापुढे कधी मुठीवर काहीच छापलेले नसेल आणि केस कशाचे आहेत अशी शंका आली, तर गळलेला एखादा केस चिमट्यात धरून काडेपेटीच्या ज्योतीजवळ न्यावा: जनावराचा केस असेल तर केस जळल्याचा परिचित वास येतो आणि बोटात चुरडली जाणारी राख उरते, नायलॉनसारखा कृत्रिम तंतू असेल तर तो वितळून टोकाशी कडक मणी तयार होतो.

आता तो टोचतो का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय कंटाळवाणे वाटणार नाहीत. डुकराचा केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, आणि त्याचे टोक निसर्गतःच दुभंगण्याकडे कललेले असते. आपल्या डोक्यावरच्या केसांना फाटे फुटले की आपण हळहळतो आणि तेलाच्या बाटल्या बदलतो. या ब्रशच्या बाबतीत मात्र फाटे फुटणे हेच त्याचे तारुण्य आहे. केस भिजतो, फुगतो, चेहऱ्यावर घासला जातो, मग पूर्ण वाळतो, आणि हे चक्र दहा-पंधरा वेळा झाले की एकेका टोकाची दोन-तीन बारीक टोके होतात. गालाला स्पर्श होतो तो या टोकांचा, म्हणून ब्रश मऊ लागतो. मागचा जाड भाग मात्र तसाच ताठ राहत असल्यामुळे फेस घुसळण्याचा जोर कमी होत नाही. तुमचा ब्रश खिडकीच्या उजेडात आडवा धरून आज टोके पाहा आणि महिन्याभराने पुन्हा पाहा. आज ती सुईसारखी एकेरी आणि गडद दिसतील. महिन्याभराने त्यांचा रंग उतरून त्यांच्यावर पिसासारखी झाक आलेली असेल.

यावरून हेही ध्यानात येईल की डुकराच्या केसांचा ब्रश म्हणजे गरिबाचा नाइलाज नव्हे. इटलीतल्या बोलोन्या शहरातील ओमेगा आणि पोर्तुगालमधील सेमोग या दोन्ही कंपन्या कित्येक दशकांपासून असे ब्रश करत आल्या आहेत, आणि इटलीतल्या न्हाव्यांच्या दुकानांत आजही हाच ब्रश दिसतो. मित्राने सुचवलेला बॅजर हा आपल्या पाणमांजराच्या कुळातला, बिळात राहणारा एक प्राणी. त्याच्या केसांच्या ब्रशला माझा आक्षेप दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे त्या ब्रशवर ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ अशा ज्या प्रती छापलेल्या असतात, त्यांचे सर्वमान्य असे कोणतेही मोजमाप नाही. एकाची ‘बेस्ट’ ती दुसऱ्याची साधी प्रत असू शकते आणि नवख्या माणसाला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नसतो. दुसरे कारण असे की स्वस्तातला बॅजर हा स्वस्तातल्या डुकराच्या केसांपेक्षा अधिक टोचू शकतो आणि वापरून सुधारतही नाही. तीन हजारांत चांगला येईलही. पण ज्याला अजून फेस करता येत नाही त्याने तो घेणे म्हणजे शिकाऊ परवान्यावर नवी कोरी गाडी काढण्यासारखे आहे.

ब्रश मुरवण्याचे काम आज संध्याकाळीच सुरू करा. कोमट पाण्यात, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतक्याच गरम पाण्यात, ब्रशचे फक्त केस बुडवा. मूठ बुडता कामा नये. तळहातावर थोडा साधा शाम्पू घेऊन त्यात ब्रश गोल फिरवा, बोटांनी केस मुळापर्यंत हलकेच चोळा आणि वाहत्या पाण्याखाली धुऊन टाका. हे दोनदा करा. पहिल्या धुण्याचे पाणी करडे निघाले तर घाबरू नका. काही स्वस्त ब्रशांचे केस बॅजरसारखे दिसावेत म्हणून त्यांवर काळा पट्टा रंगवलेला असतो आणि त्याचा जादा रंग सुरुवातीला निघून जातो. वासाचा मोठा भाग या धुण्यातच जाईल. उरलेला दाढीच्या क्रीमबरोबर आठवडा-दोन आठवड्यांत जातो. वास लवकर जावा म्हणून ब्रश रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा, अत्तर शिंपडण्याचा किंवा डेटॉलमध्ये भिजत घालण्याचा मोह होतो. त्यांपैकी काहीही करू नये. केसांना लावायचा कंडिशनरही नको, कारण तो केसांवर जो बुळबुळीत थर ठेवतो तो पुढे फेसाच्या आड येतो, असा माझा अनुभव आहे.

नंतरचे चार दिवस दाढी न करता रोज एकदा नुसता फेस करा. तीन-चार मिनिटे ब्रशचे केस पाण्यात भिजू द्या, दोनदा झटका, तळहातावर क्रीम घेऊन दोन-तीन मिनिटे फेस घुसळा, धुवा, आणि पुढचे चोवीस तास ब्रश वाळू द्या. या वाळण्याला घुसळण्याइतकेच महत्त्व आहे. लवकर मुरावा म्हणून दिवसातून तीन-चार वेळा फेस करणाऱ्यांचा ब्रश सतत ओलाच राहतो. टोकांना फाटे फुटण्याऐवजी केस नुसते लिबलिबीत होतात आणि मुळाशी कुबट वास धरतात. चार दिवसांनी दाढीला सुरुवात करा, आणि शक्य असेल तर एक दिवसाआड करा. एकवीस वर्षांच्या दाढीला ते पुरते, गळ्याच्या कातडीला विश्रांती मिळते आणि ब्रशही पूर्ण वाळतो. पंधरा दाढ्यांना मग महिना लागेल.

केस गळण्याचे म्हणाल, तर पहिल्या आठ-दहा वेळा थोडे केस गळतातच. झुबका बांधताना काही तोकडे केस गोंदापर्यंत पोचलेलेच नसतात. ते सुटून येतात. गळणारे केस ओढून काढण्याची सवय लागू देऊ नका, कारण एक उपटला की त्याच्या शेजारचा सैल होतो. पंधरा दाढ्यांनंतरही केस एकामागून एक येतच राहिले, किंवा एकदम चिमूटभर निघाले, तर गोंद कच्चा आहे. असा ब्रश मात्र खुशाल टाकावा. माझा स्वतःचा पहिला ब्रश तिसऱ्या महिन्यात असाच गेला, पण त्यात कारागिराची चूक नव्हती. हिवाळ्यात मी तो स्टीलच्या पेल्यात, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या पाण्यात मुठीसकट बुडवून वर्तमानपत्र वाचत बसत असे. आधी लाकडी मुठीवरच्या पॉलिशला फोड आले, मग मुठीला उभी चीर गेली आणि एके सकाळी हनुवटीवर फेस लावताना मूठ हातात राहिली आणि झुबका बेसिनमध्ये पडला.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे, म्हणजे सुकणाऱ्या फेसाकडे येतो. डुकराचा केस पाणी स्वतःच्या अंगात शोषून घेतो. कोरडा किंवा नुसता खंगाळलेला ब्रश क्रीममध्ये फिरवला, तर फेसाला लागणारे पाणी तो आधी स्वतः पितो, आणि गालावर उरते ती कोरडी साबणाची लुकण. नवा ब्रश हे अधिक करतो. म्हणून अंघोळीला जाताना ब्रशचे केस पाण्याच्या पेल्यात ठेवून जावे आणि बाहेर आल्यावर दाढी करावी. तेवढ्या वेळात ब्रश आणि दाढीचे खुंट दोन्ही भिजून मऊ होतात. खुंट भिजणे ही काही लहान गोष्ट नाही. भिजलेला केस पात्याला कोरड्या केसापेक्षा कितीतरी सहज कापता येतो, आणि ब्रशचे मूळ काम चेहऱ्यावर पांढरा थर देणे हे नसून खुंटांच्या मुळाशी पाणी पोचवणे आणि ते तिथे धरून ठेवणे हे आहे.

भिजलेला ब्रश दोन-तीनदा झटकावा, म्हणजे ठिबकणारे पाणी जाते आणि अंगातले राहते. ट्यूबमधून एका पावट्याएवढी क्रीम पुरते असे लोक सांगतात. नव्या डुकराच्या ब्रशला दोन पावट्यांएवढी घ्यावी. ती डाव्या तळहातावर घेऊन ब्रश गोल फिरवू लागलात की पहिल्या अर्ध्या मिनिटात चक्क्यासारखा घट्ट, निस्तेज गोळा होईल. बहुतेक नवशिके इथेच थांबून तो चेहऱ्याला फासतात, आणि तुम्हीही तेच करत असावेत असा माझा कयास आहे. इथे थांबू नका. ब्रशची फक्त टोके पाण्यात टेकवा आणि पुन्हा फिरवा. मग पुन्हा टेकवा. तीन-चार वेळा असे थेंबाथेंबाने पाणी दिले की फेसाला चकाकी येते, त्यातले बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ब्रश उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहून किंचित वाकते. मोठे बुडबुडे दिसू लागले तर पाणी जास्त झाले, तेव्हा थोडी क्रीम वाढवावी. गालावर लावल्यानंतर मिनिटभरात फेसाला भेगा पडू लागल्या तर पाणी कमी पडले, तेव्हा ब्रशची टोके ओली करून त्याच फेसावरून पुन्हा फिरवावीत. ब्रश चेहऱ्यावर आधी गोल फिरवावा आणि शेवटी रंगाऱ्यासारखे सरळ हात मारावेत. त्याला मुळापर्यंत दाबून पिळू नये. अशाने झुबक्याच्या मधोमध खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही.

एवढे करूनही फेस जमत नसेल, तर पाणी तपासा. वसतिगृहात बोअरचे पाणी येत असेल, तर अंघोळीच्या साबणाला फेस न येणे, बादलीच्या आतून पांढरा थर बसणे आणि गिझरचे कॉइल खराब होणे हे सर्व तुमच्या परिचयाचे असेल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणून शिकलो ते हेच. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी न विरघळणारा चिकट साका तयार होतो. हा साका चेहऱ्यावर फेस टिकू देत नाही, आणि ब्रशच्या मुळाशी साचून केस राठही करतो. म्हणजे टोचण्याच्या तुमच्या तक्रारीतही त्याचा वाटा असू शकतो. डब्यातल्या तयार फेसात पाणी कंपनीने आधीच घातलेले असते, म्हणून तो लातुरात आणि महाबळेश्वरात सारखाच वागतो. क्रीममध्ये पाणी तुम्ही घालता, म्हणून तिथे गावाचा फरक पडतो.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. फेस करायला अर्धा पेला पाणी पुष्कळ होते. तेवढे पिण्याच्या आरओ, म्हणजे क्षार काढणाऱ्या, फिल्टरचे घ्यावे, आणि पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ पाणी धरता आले तर त्याहून मऊ पाणी मिळायचे नाही. चेहरा आणि रेझर धुवायला बोअरचे पाणी चालते. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढे चांगले पाणी वापरावे. पाणी उकळून घेतल्यानेही काही क्षार खाली बसतात, सर्व नव्हे. उकळल्यास निवळून आणि कोमट होऊन मगच वापरावे, नाहीतर माझ्या मुठीचे झाले ते तुमच्या मुठीचे होईल. ब्रशमध्ये साका साचल्यासारखा वाटला, तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून फक्त केस पाच मिनिटे बुडवावेत आणि शाम्पूने धुऊन टाकावेत. हे दोन महिन्यांतून एकदा पुरे.

वाळवण्याबद्दल लोकांत फार वाद आहेत. कोणी म्हणतो ब्रश उलटा टांगावा, म्हणजे पाणी मुळाशी उतरत नाही. कोणी म्हणतो सरळ उभा ठेवला तरी चालतो. मी दोन्ही केले आहे आणि फरक दिसला नाही. दाढी झाली की केसांच्या मुळाशी अडकलेला साबण पूर्ण धुऊन काढावा, मूठ घट्ट धरून ब्रश जोराने झटकावा, कोरड्या पंचावर चार वेळा पुसावा आणि वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा. बाथरूममधले बंद कपाट, प्लॅस्टिकची डबी आणि प्रवासातली पिशवी ही त्याची वैरी होत. लातूरच्या हवेत तो दुपारपर्यंत वाळेल. कोकणातल्या माणसाला जुलैमध्ये हा सल्ला देताना मला संकोच वाटला असता.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे. केस डुकराचे आहेत हे तिला सांगितलेत आणि तिने तो ब्रश देवघर असलेल्या घरात नको म्हटले, तर तिच्याशी वाद घालून काय मिळवायचे आहे? ब्रश वसतिगृहात ठेवावा आणि गावी जाताना नेऊ नये. पण तुमच्या स्वतःच्याच मनाला ते केस चेहऱ्याला लावणे पटत नसेल, आणि अनेकांना शाकाहारामुळे किंवा धर्मामुळे ते पटत नाही, तर मुरवण्याच्या खटपटीत पडूच नका. सरळ कृत्रिम केसांचा ब्रश घ्या. तुमच्या पाचशे रुपयांत तो मिळतो. नायलॉनचा पहिला बाजारी उपयोग १९३८ साली अमेरिकेत दात घासण्याच्या ब्रशसाठी झाला, आणि पुढे बरीच वर्षे दाढीचे नायलॉनचे ब्रशही त्याच जातीचे, म्हणजे खराट्यासारखे, असत. त्यामुळे माझ्या पिढीच्या मनात त्यांच्याविषयी अढी आहे. आताचे तंतू टोकाकडे निमुळते केलेले आणि पुष्कळ बारीक असतात. ते पहिल्या दिवसापासून मऊ लागतात, त्यांना भिजत घालावे लागत नाही, वास नसतो, क्रीम कमी लागते आणि तासा-दोन तासांत ते वाळतात. उणे एवढेच की ते पाणी शोषत नाहीत, म्हणून ब्रश नीट झटकला नाही तर फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो; आणि कढत पाण्याने त्यांची टोके कायमची वाकडी होऊ शकतात. खरे सांगायचे तर आज कोणी रिकाम्या हाताने माझ्याकडे येऊन पहिला ब्रश कोणता घेऊ असे विचारले, तर मी कृत्रिमच घ्या म्हणेन. तुम्ही डुकराच्या केसांचा आधीच घेतला आहे आणि तो वाईट नाही, म्हणून तुम्हाला तो मुरवायला सांगतो आहे.

नवा घेण्याची वेळ आलीच, तर घाईने ऑनलाइन मागवण्याऐवजी सलूनचे सामान विकणाऱ्या दुकानात जावे, कारण तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. झुबका मुठीत जिथे शिरतो तिथे त्याची जाडी २० ते २४ मिलिमीटर असावी. मोजपट्टी नसेल तर खिशातले रुपयाचे नाणे तिथे धरून पाहावे. सध्याची नाणी २० ते २२ मिलिमीटरची आहेत. झुबका नाण्यापेक्षा बराच बारीक असेल तर तो ब्रश फेस धरणार नाही, आणि स्वस्त ब्रशांत खोट असते ती बहुधा इथेच. मुठीवर दिसणाऱ्या केसांची उंची ५० ते ५५ मिलिमीटर ठीक. त्याहून लांब केस लुळे पडतात. केस दोन बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे, गोंद सर्वत्र सारखा असावा, हलक्या हाताने ओढून दोन-तीनपेक्षा अधिक केस हातात येऊ नयेत, आणि मूठ साबणाच्या हातातून निसटेल इतकी गुळगुळीत नसावी. सोनेरी पट्टी, काचेसारखी मूठ, मखमली डबी यांचे पैसे देऊ नयेत.

पत्रात तुम्ही खोलीतल्या मित्राचा उल्लेख केला आहे, म्हणून एक गोष्ट न विचारता सांगतो: ब्रश, रेझर आणि दाढीचा पंचा त्याला देऊ नका आणि त्याचा घेऊ नका. वसतिगृहात गजकर्ण आणि केसांच्या मुळांशी होणाऱ्या पुळ्या अशाच फिरतात. तुमच्या गळ्यावर आत्ता पुळ्या असतील, तर त्या बऱ्या होईपर्यंत ब्रश तिथे घासू नका. फेस तळहातावर करून बोटांनी लावा, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिला आजोबांचा ब्रश. फार जुने ब्रश जपून हाताळावेत असे म्हणतात, त्यामागे एक खरी हकीकत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, तेव्हा आशियातून आणलेल्या घोड्याच्या केसांचे नकली ब्रश इंग्लंड-अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडची काळपुळी, झाली. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली ती यामुळे. तुमच्या आजोबांचा ब्रश त्या काळातला असण्याचा संभव फार कमी आहे, तेव्हा त्या भीतीने तो फेकण्याचे कारण नाही. पण ट्रंकेत वर्षानुवर्षे राहिलेल्या जनावराच्या केसांना लोकरीसारखीच कसर लागते, केस ठिसूळ होतात आणि गोंद वाळून सुटतो. म्हणून त्याचे केस वापरू नका, मूठ वापरा. गावातल्या सुताराकडून किंवा लेथ चालवणाऱ्याकडून जुना झुबका कोरून काढून घ्यावा आणि उरलेल्या खोबणीचे माप घ्यावे. कृत्रिम केसांचे सुटे झुबके ऑनलाइन मिळतात. खोबणीपेक्षा किंचित बारीक बुडाचा मागवावा. आधी गोंद न लावता बसवून केसांची उंची पाहावी, खोबण फार खोल असेल तर तळाशी लाकडाची चकती घालावी, आणि मग अॅरल्डाइटने चिकटवून चोवीस तास तो कोणालाही हलवू देऊ नये. हा ब्रश आजीला दाखवायलाही हरकत नाही.